सत्तेचाळिसावा रंग

यंत्र दोनदा वाजलं असतं तर काही बिघडलं नसतं. दोनदा म्हणजे जुळत नाही. जगातल्या बहुतेक गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे ते यंत्र गेली अकरा वर्षं ‘टुक टुक’ करत आलं होतं आणि ते हातात बाळगणाऱ्यालाही त्या आवाजाची घरातल्या घड्याळासारखी सवय झाली होती. पण त्या शुक्रवारी सकाळी ताई पिशवीत दुकानाची किल्ली शोधत होती (बॅगा दुरुस्त करणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या पिशवीची चेन आठ महिने बिघडलेली होती) आणि तिचा धाकटा भाऊ बाजूला शटरला टेकून उभा होता. हातातल्या रंगमापकाचं नाक पत्र्याला लागलं, बोट चुकून बटणावर पडलं आणि यंत्र एकदाच म्हणालं, टुक. मग गप्प. त्याने पडद्यावर पाहिलं. एक्कावन्न, नऊ, सहा, पुढचे दशांशही तेच. त्याने यंत्राचं नाक शर्टाला पुसलं आणि दुसऱ्या जागी लावलं. टुक. खाली वाकून, फळवाल्याने कलिंगड पारखावं तसं शटर बोटाने वाजवून तिसऱ्या जागी लावलं. टुक. रेल्वे कंपनीने दीड वर्ष खपून, चारशे बारा लोकांना खोलीत बसवून प्रश्न विचारून निवडलेला, सध्या पांढऱ्या कापडांखाली झाकलेला आणि सोमवारी सकाळी अडतीस स्टेशनांवर एकदम उघडा होणारा रंग त्याच्या बहिणीच्या दुकानाला लावलेला होता. हा रंग आजवर कंपनीतल्या फक्त सात माणसांनी पाहिला होता. रंगाऱ्यांची आणि चिन्हं लावणाऱ्यांची गणती यात नव्हती; त्यांना दुसऱ्या गावाहून आणून, कापडाआड काम करवून, कापडाआडूनच परत पाठवलं होतं. सातांपैकी एक तो स्वतः होता. ‘पाहिला’ हा शब्द मात्र त्याच्या बाबतीत जरा सैल हाताने वापरावा लागतो, कारण कंपनीचा मुख्य रंग-तपासनीस असलेल्या या माणसाला रंग दिसत नसत.

अगदीच दिसत नसत असं नाही. निळा दिसे. पांढरा आणि काळा यांच्याशी त्याचं वाकडं नव्हतं. पण तांबडा, हिरवा, तपकिरी आणि त्यांचे सगळे नातेवाईक त्याच्या डोळ्यांत एकाच गोणपाटात बसून येत. हे त्याला कळलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. तोवर गावात तांबडी कंपनी होती. कंपन्यांना नावं असत, पण ती कुणाच्या तोंडात बसेपर्यंत बदलत, म्हणून लोक रंगावरूनच बोलत. तांबडी गेली आणि हिरवी आली, त्या दिवशी अख्खं गाव फलाटावर लोटलं होतं. बँड होता. बाबा कंपनीच्या भांडारात कामाला, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना पुढची जागा. गाडी येऊन उभी राहिली, लोक ‘वा वा’ करायला लागले, आणि त्याने मोठ्याने विचारलं, “नवी गाडी कधी येणार?” नऊ वर्षांनी मोठी असलेल्या ताईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की ते ठिकाण त्याला आजही दाखवता आलं असतं. मग ती कानाशी वाकून म्हणाली, “आलीय. हिरवी आहे. टाळ्या वाजव.” त्याने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ताई त्याच्या कानात रंग सांगत आली. आंबट कैरी, हिरवी. मास्तरांची शाई, तांबडी, म्हणजे नापास. त्याने कधी ‘कसा?’ असं विचारलं नाही. तो ‘कोणता?’ एवढंच विचारी आणि ती एका शब्दात सांगे. वाण्याकडून यादीप्रमाणे सामान आणावं तसा त्या दोघांचा हा व्यवहार चोख चालला होता. आईबाबांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. त्यांच्या मते मुलगा जरा बावळट होता, एवढंच.

“काय चाटतोयस शटर?” ताईने किल्ली सापडल्यावर विचारलं.

“ताई, तू रंग कधी दिलास?”

“अकरा दिवस झाले. तुला म्हटलं होतं की नाही, काही वेगळं दिसतंय का बघ? तर म्हणालास, केस कापलेस का.”

हे खरं होतं. केस तिने कापले नव्हते, तरी त्या दिवशी तिने ‘हो’ म्हणून विषय संपवला होता, हेही आता त्याच्या लक्षात आलं. तो आत जाऊन स्टुलावर बसला. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीवर खिळ्यांना चेनचे रनर मापाप्रमाणे टांगलेले, खाली मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, कोपऱ्यात चाकं नसलेल्या बॅगा आणि बॅगा नसलेली चाकं. “कुठून आणलास हा रंग?” त्याने विचारलं. आवाज चौकशी समितीसारखा येऊ नये म्हणून त्याने मधे एक खोकला घातला. ताई सुईत दोरा ओवत म्हणाली, “आणायचाय कशाला? बाबांचे डबे होते की माळ्यावर. तांबडा, हिरवा, निळा, तिन्हींचे तळ राहिले होते. एकाने अर्धं शटरसुद्धा झालं नसतं. म्हणून एकत्र केले आणि काठीने ढवळले.”

इथे ताईच्या दुकानाच्या रस्त्याची एक रीत सांगायला हवी. कंपनी बदलली की भांडारात जुन्या रंगाचे डबे उरत. नवी कंपनी ते घेत नसे, आणि रंग टाकून देणं बाबांच्या रक्तात नव्हतं. मग ते डबे स्टेशनासमोरच्या बाजाररस्त्यावर वाटले जात. तांबडी गेली तेव्हा रस्ता तांबडा झाला. स्टेशन हिरवं, रस्ता तांबडा. हिरवी जाऊन निळी आली तेव्हा रस्ता हिरवा झाला. म्हणजे बाजाररस्ता नेहमी एक कंपनी मागे असे, आणि आधीच्या कंपनीच्या आठवणीने ज्यांना भरून येई ते स्टेशनातून बाहेर पडून रस्त्यावर उभे राहत. पुढे पुढे दुकानदारही शहाणे झाले. कोपऱ्यावरच्या बँकेने नाव टाकून नुसतं एक चिन्ह घेतलं, ते उलटं लावल्यासारखं दिसे, आणि उलटं लावलं तरी तसंच दिसे. औषधवाल्याच्या पाटीवरून ‘औषध’ गेलं. जोड्यांच्या दुकानाने बूट काचेतून काढून तिथे एक मोठा गोटा ठेवला आणि त्यांची विक्री वाढली. ताईच्या पाटीवर मात्र ‘बॅग-दुरुस्ती’ होतं, कारण आत बॅगांची दुरुस्ती होत असे.

त्याला हे सगळं मनापासून आवडे. ऑफिसात लोक नव्या नावांची टर उडवत, तो उडवत नसे. एका कंपनीने रातोरात स्वतःला दुसरं व्हायचं ठरवावं आणि त्यासाठी माणसांनी चमचे, बटणं, पायपुसणी, तक्रारपेटीच्या आतली बाजू, जिन्याखालचा आग विझवायचा बंब असं काहीही न सोडता मोजत जावं, यात त्याला तपश्चर्येसारखं काहीतरी दिसे. नवं नाव तर एक असा शब्द होता ज्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. तो नसावा म्हणून एका बाईंनी सहा महिने शब्दकोश तपासले होते. त्याच्याकडे रंगाचं काम आलं ते यंत्रामुळे. यंत्र रंगाचे तीन आकडे करी, आणि आकड्यांना तो पक्का होता. इतर तपासनीस डोळ्यांवर भरवसा ठेवून चुकत. ऊन पडलं की चुकत, बायकोशी भांडून आले की चुकत. याची अकरा वर्षांत एक चूक नव्हती. ऑफिसात त्याला ‘मीटर’ म्हणत आणि त्यात थोडा आदरही असे. नोकरीला लागताना डोळ्यांची परीक्षा झाली होती, लोकरीच्या गुंड्यांची, ढिगातून हिरव्या वेगळ्या काढायच्या. ताईने कुठून तरी अगदी तीच लोकर पैदा केली आणि महिनाभर त्याला डोळे मिटून शिकवलं. तांबडी लोकर रंगवताना जरा जास्त उकळतात, ती बोटाला खरखरते, हिरवी गुळगुळीत. परीक्षेत सवयीने त्याचे डोळे मिटले गेले. डॉक्टर म्हणाले, “अहो, डोळे तरी उघडा.” मग सगळ्या गुंड्या बरोबर निघालेल्या पाहून त्यांनी कागदावर ‘असामान्य’ असं लिहिलं, आणि ते खरंच होतं.

आता मात्र त्याला शनिवारी दुपारपर्यंत एक प्रमाणपत्र द्यायचं होतं: स्टेशनापासून दोनशे पावलांच्या आत सत्तेचाळिसावा रंग (नमुना सत्तेचाळिसावा होता, म्हणून ऑफिसात रंगाचं नावच सत्तेचाळीस पडलं होतं) कंपनीखेरीज कुणाकडेही नाही. असलाच तर त्यावर कंपनी राखाडी रंग फासेल आणि तो बाहेर कसा गेला याची चौकशी होईल. ताईचं दुकान बासष्ट पावलांवर होतं. सात माणसांत एकाचीच बहीण दुकान चालवत होती. चौकशीला अर्धा तास पुरला असता.

“ताई, हा रंग बदल. आजच्या आज.”

“का? सुकलाय नुकता.”

त्याने सगळं सांगितलं. ताईने टाका घालायचं थांबवलं नाही. मग दोरा दातांनी तोडून म्हणाली, “मी माझ्या दुकानाला रंग दिला. त्यांनी त्यांच्या स्टेशनाला द्यावा. मी कुठे अडवलंय?”

“त्यांना वाटेल मी तुला सांगितला.”

“तू?” ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. हातातली बॅग मांडीवरून घसरली. “तू मला रंग सांगितलास?”

त्यालाही हसू आलं असतं, पण डोळ्यांपुढे प्रमाणपत्राचा कागद होता. रात्री अंथरुणावर तो तीन डब्यांचा हिशेब करत पडला. कंपनीकडे प्रयोगशाळा होती, चारशे बारा माणसं होती, प्रत्येकाला ‘तुमचा पहिला प्रवास आठवा’ असं सांगून वीस मिनिटं अंधारात बसवलं होतं. ताईकडे काठी होती. आणि दोघं एकाच ठिकाणी पोचले होते, दशांशासकट. ज्याने आयुष्यभर आकडे जुळवले त्यालाच कळेल की हे किती अशक्य आहे; त्याला भीती वाटायला हवी होती तिथे अभिमानाने ऊर भरून येत होता. आपली ताई! तो कुशीवर वळे आणि अभिमानाची भीती होई, परत वळे आणि भीतीचा अभिमान. पहाटे त्याने ठरवलं की आपण खोटं प्रमाणपत्र द्यायचं. बासष्टच्या जागी दोनशे बासष्ट लिहायचं. पावलं माणसागणिक लहानमोठी असतात.

पण शनिवारी सकाळी तो पोचला तेव्हा चिन्हवाल्यांची टोळी येऊन गेलेली होती. त्यांची कामाची पद्धत सरळ होती. रंगारी पुढे जात, चिन्हवाले मागून येत. यादी वाचत बसायचं नाही, जिथे सत्तेचाळीस दिसेल तिथे चिन्ह, घड्याळ आणि बाक लावायचं. स्टेशनावर त्यांनी कापडाखाली शिरून काम केलं. बाहेर पडताना समोर, उघड्यावर, त्याच रंगाचं काहीतरी दिसलं. कुणीतरी कापड घालायचं विसरलं म्हणून त्यांनी चुकचुकत ताईच्या दुकानाला चिन्ह लावलं, दर्शनी भागात दोन तोंडांचं घड्याळ टांगलं, दाराशी बाक रोवला आणि सगळ्यावर पांढरं कापड घालून बांधून टाकलं. ताई कापडाच्या आत बॅगा शिवत होती. बाकावर तीन प्रवासी बसले होते.

“गाडी किती वाजता येते हो?” त्यातल्या एका आजोबांनी कापड बाजूला करून विचारलं.

“चेन बसवायला वीस मिनिटं,” ताई म्हणाली. आजोबांचं समाधान झालं.

“हे काय, ताई!”

“घड्याळ चांगलंय,” ती म्हणाली. “बाकी त्यांचं त्यांनी न्यावं.”

तासाभरात मोठ्या बाई आल्या. या सगळ्या रंगबदलाच्या प्रमुख. बोलताना कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे लोक आधीच घाबरून येत. त्यांच्याबरोबर रंगगुरू होता, म्हणजे ज्याने दीड वर्ष बसून सत्तेचाळीस काढला तो. त्याने स्वतः कायम काळे कपडे घातलेले असत. बाईंनी कापड उचललं, शटर पाहिलं, पाटी पाहिली, मग आपल्या तपासनिसाकडे पाहिलं.

“या तुमच्या कोण?”

“मोठी बहीण.”

“अस्सं,” बाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात चौकशी सुरू होऊन संपलीसुद्धा. “यांच्या दुकानाला आज राखाडी रंग लागेल. तुमचं सोमवारी बघू. अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाकडून मला ही अपेक्षा नव्हती.”

“ओ बाई,” ताई उठली. हातात टोच्या तसाच. “त्याने काही सांगितलं नाही मला. माझे डबे, माझी काठी. हे बघा.” तिने बाकड्याखालून तीन डबे ओढले. तळाला वाळलेल्या साली होत्या. बाईंनी डब्यांकडे पाहिलंही नाही. तीन डबे कुणीही दाखवू शकतं, असं त्यांचं म्हणणं दिसलं, आणि वाईट म्हणजे त्याला ते पटत होतं. आकड्यांच्या माणसाला हा योगायोग पटणं शक्यच नव्हतं. ही चोरी नाही हे दाखवायचं तर एकच पुरावा होता. तो त्याच्या डोळ्यांत होता आणि तिथेच राहावा म्हणून ताईने तीस वर्षं खस्ता खाल्ल्या होत्या. तो काही बोलायच्या आत ताईने मान किंचित हलवली: नको. लहानपणी फलाटावर जशी चिमटा काढण्याआधी हलवली असेल तशी. तिचं दुकान आता राखाडी होईल आणि ती मान हलवत बसेल, लोक म्हणतील चोरीचा रंग लावणारी बाई, आणि तरी ती त्याच्या कानात ‘राखाडी’ एवढंच म्हणेल. त्याला एकाएकी फार राग आला; कुणाचा ते कळलं नाही, म्हणून त्याने तो स्वतःवरच घेतला.

“बाई,” तो म्हणाला, “मी तिला रंग सांगू शकत नाही. मला रंग दिसत नाहीत.”

बाईंनी उचलून धरलेलं कापड खाली सोडलं.

“म्हणजे?”

“म्हणजे तांबडा, हिरवा आणि हा तुमचा सत्तेचाळीस मला एकसारखे. मला आकडे येतात. आकडे मी बाहेर नेले असते तर तिला काय उपयोग? तिच्याकडे यंत्र नाही. काठी आहे.”

“अकरा वर्षं?” बाईंचा आवाज पहिल्यांदा थोडा वर गेला.

“एक चूक नाही,” तो म्हणाला. हे सांगताना त्याची मान आपोआप ताठ झाली, आणि त्याला वाटलं हे वाक्य म्हणायला मिळालं तेवढं बरं झालं. बाईंनी टोच्या, रिळं, हाताला लागेल ते त्याच्यापुढे धरून पाहिलं. दोन रिळांत काय फरक, हा रनर कसला. उघड्या डोळ्यांनी त्याचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. आजोबा बाकावरून म्हणाले, “अरेरे.”

रंगगुरू एवढा वेळ डब्यांपाशी उकिडवा बसला होता. त्याने वाळलेली साल नखाने उचलली, उजेडात धरली. “किती वेळ लागला तुम्हाला?” त्याने ताईला विचारलं.

“एक दुपार. मधे दोन गिऱ्हाइकं आली.”

“ढवळायचं थांबायचं कधी, हे कसं कळलं?”

“कळलं,” ताई म्हणाली, आणि तिने रोखून त्याच्याकडे पाहिलं. पुढे काही विचारायची रंगगुरूची छाती झाली नाही. तो उठला, बाईंपाशी गेला आणि म्हणाला, “हिने केलाय. माझा शेहेचाळिसापर्यंत चुकत होता.” मग तो पुन्हा डब्यांपाशी गेला आणि ती काठी मिळेल का, असं त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं. ताई म्हणाली, काठी लागते मला, शटर ओढायला. तेव्हा त्याने काठीला नुसता हात लावला. त्या माणसाच्या तोंडावर एवढा निर्मळ भाव होता की मोठ्या बाईंनी नजर वळवली.

निर्णय नियमात बसवावा लागला. सत्तेचाळीस फक्त स्टेशनावरच असू शकतो, आणि ही बाई तो काढणार नाही. तेव्हा दुकानाची नोंद एकोणचाळिसावं स्टेशन अशी झाली. इथे गाडी थांबत नाही, असं खाली बारीक अक्षरात. ताईने घड्याळ ठेवण्याच्या अटीवर सही केली. भावाबद्दल बाई म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, आणि वाटत असावंही. त्याने यंत्र पुसून, पट्टा गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. पुढचा हुकूम येईपर्यंत घरी. रंगांना आंधळा असा शेरा सेवापुस्तकात पडणार हे उघड होतं आणि त्यानंतर त्याला रेल्वेत कुणी साधं फलाट झाडायलाही ठेवलं नसतं. संध्याकाळी तो घरी चालत गेला. हात सारखा खांबांकडे, दारांकडे जाई आणि रिकामा परत येई. सगळी वाट आवाजाविना गेली.

सोमवारी कापडं उघडली. बँड होता. तो ताईच्या दाराशी बाकावर बसला होता, लोक समोर ‘वा वा’ करत होते. कुणी म्हणे जांभळट आहे, कुणी म्हणे संध्याकाळसारखा, जोड्यांच्या दुकानाचा मालक म्हणाला की यात एक प्रामाणिकपणा आहे. ताई बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली. तिला वाटलं आता तो नेहमीसारखा ‘कोणता?’ म्हणेल, म्हणून ती कानाशी वाकलीही.

“कसा आहे गं?” त्याने विचारलं.

तीस वर्षांत तिला हा प्रश्न आला नव्हता. तिने आधी स्टेशनाकडे पाहिलं, मग स्वतःच्या शटरकडे.

“तुला सगळं कसं दिसत असेल, ते मी लहानपणापासून मनात रंगवत आलेय,” ती म्हणाली. “त्या दुपारी ढवळता ढवळता डब्यात तोच रंग आला. तो आला आणि मी काठी थांबवली.”

बँड थांबला होता. समोर माणसं त्या रंगाच्या कमानीखालून आत जात होती, बाहेर येत होती, मान वर करून पाहत होती. आणि अडतीस ठिकाणी, या क्षणाला, तशीच पाहत असणार. त्याने टाळ्या वाजवल्या. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.